न धुतलेला किलो

देशाचा किलो तळघरातल्या एका खोलीत राहत असे आणि गेली सव्वीस वर्षं किलोताई त्याची राखण करत होत्या. त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि तिथेच राहिलं होतं. शिपायापासून संचालकांपर्यंत सगळे त्यांना किलोताईच म्हणत. अंगाने त्या इतक्या किरकोळ होत्या की हे नाव पडलं तेव्हा लोक पोट धरधरून हसले होते. आता त्यात हसण्यासारखं काही आहे हेच कोणाला आठवत नव्हतं.

खोलीला एकामागे एक अशी दोन दारं होती. पहिलं दार लावून घ्यायचं, मधल्या बोळकांडीत चपला काढायच्या, पांढरा झगा चढवायचा, तोंडावर फडकं बांधायचं आणि मगच दुसरं दार उघडायचं. आत एक मोठा तराजू आणि तीन कपाटं. बोलायचंही बेताने, कारण माणसाच्या श्वासाने हवा गरम होते आणि तराजू रुसून बसतो. वजन करायचं असलं की किलोताई पाच पावलं लांब स्टुलावर बसत आणि लांब दांड्याने तराजू चालवत. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटे, बाई ध्यानाला बसल्यात.

पहिल्या कपाटात, एकावर एक उपड्या ठेवलेल्या दोन काचेच्या हंड्यांखाली, खुद्द किलो. मुठीत मावेल असा चकचकीत धातूचा ठोकळा. बाजारातलं वजन गावच्या कचेरीतल्या वजनाशी जुळवलेलं, ते मोठ्या शहरातल्या वजनाशी, आणि ते या ठोकळ्याशी. औषधाची गोळी असो नाहीतर पुलाचा खिळा, सगळ्यांचा धागा शेवटी इथे येऊन बांधलेला. किलोताई त्याला थोरली म्हणत. दुसऱ्या कपाटात त्याच धातूच्या, त्याच मापाच्या दोघी होत्या, मधली आणि धाकटी. त्या साक्षीला ठेवलेल्या. थोरलीत फरक पडला तर या दोघी सांगतील, अशी ती व्यवस्था. तिसऱ्या कपाटाला कुलूप होतं. त्याच्याकडे आपण नंतर येऊ.

तिघींपैकी कोणालाही उघड्या हाताने शिवायचं नाही, हा या खोलीचा पहिला नियम. उचलायचं ते चिमट्याने, आणि चिमट्याच्या टोकांनाही मऊ कातडं. किलोताईंनी सव्वीस वर्षांत थोरलीला एकदाही बोट लावलं नव्हतं.

दोन महिन्यांपूर्वी खात्याचे मंत्री खोली पाहायला आले. त्याचं कारण असं की दोन वर्षांमागे देश शेजाऱ्यांबरोबरच्या मोजमापाच्या करारातून बाहेर पडला होता. एवढा मोठा आपला देश, एवढं सैन्य, एवढे कारखाने. आपला किलो खरा आहे की नाही हे विचारायला चिमुकल्या शेजाऱ्यांच्या दारात आपण का उभं राहायचं, असा सवाल मंत्र्यांनी भर सभेत केला होता आणि टाळ्यांचा कडकडाट झाला होता. आता त्यांना किलोबरोबर फोटो हवा होता. बरोबर आठ माणसं होती. किलोताईंनी वरची हंडी काढली, खालची काढली आणि चिमटा पुढे केला. मंत्र्यांनी चिमट्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सरळ हात घालून थोरलीला उचललं, तळहातावर दोनदा उडवल्यासारखं केलं आणि म्हणाले, "हा आपला किलो!"

कॅमेरे चमकले. आठही जण हसले. किलोताईंच्या तोंडून ब्र निघाला नाही. त्यांची पाचावर धारण बसली होती. चिमटा हातात धरून त्या नुसत्या उभ्या राहिल्या. याची लाज त्यांना पुढे फार दिवस वाटत राहिली, आणि वाटायलाच हवी होती.

पाहुणे गेल्यावर त्यांनी थोरलीला मधलीसमोर तराजूत बसवलं. थोरली जड झाली होती. तळहाताचा घाम आणि तेल तिच्या अंगाला लागलं होतं. मग तिला आंघोळ घालणं आलं. औषधी पाण्यात बुडवायचं, मऊ कातड्याने चोळायचं, वाफेवर धरायचं. डाग काही हटेना. किलोताईंनी तिला दुसऱ्यांदा चोळलं, मग तिसऱ्यांदा. आणि इथेच त्यांच्या हातून ती चूक झाली, जी या खोलीबाहेरच्या कोणाच्या हातून होणंच शक्य नव्हतं. त्यांच्या आधीच्या वस्तादांनी शिकवून ठेवलं होतं की एकीला आंघोळ घातली की तिघींना घालायची, त्याच दिवशी, त्याच हाताने, तितक्याच वेळा. म्हणजे तिघींचं वय सारखं राहतं. किलोताईंचा हात सवयीने चालला. त्यांनी मधलीला तीनदा चोळलं. धाकटीलाही तीनदा चोळलं.

दुसऱ्या दिवशी वजन केलं. तिघींचं वजन तंतोतंत सारखं. संचालकांना हे कळलं आणि त्यांचा जीव भांड्यात पडला.

"बघा! तिघींचं एकमत आहे."

"साहेब, एकमत आहे, पण..."

"एकमत आहे ना? मग पण कशाला घालताय मध्ये?"

तो 'पण' असा होता की चोळताना तेलाबरोबर थोडा धातूही जातो. किती गेला हे सांगायला साक्षीदार लागतो, आणि साक्षीदारांनाही त्याच हाताने तितकंच चोळून ठेवलं होतं. तिघींची एकच गोष्ट, कारण तिघींवर एकच प्रसंग ओढवला होता. किलोताईंना हे कळत होतं, आणि ते कळूनही काही करता येत नव्हतं.

येत्या गुरुवारी मंत्री पुन्हा यायचे होते. त्या दिवशी एका पत्रकावर किलोताईंनी सही करायची होती. पत्रक छापून तयार होतं. "आपल्या देशाचा किलो खरा असून त्यास बाहेरील कोणाच्याही तपासणीची गरज नाही." खाली त्यांचं नाव, हुद्दा आणि सहीची रेघ. सव्वीस वर्षांत किलोताईंनी हजारो दाखल्यांवर सही केली होती आणि माहीत नसलेल्या गोष्टीवर एकदाही केली नव्हती. ही एकच गोष्ट त्यांनी आयुष्यात कमावली होती, असं त्या स्वतःशी म्हणत. ती गुरुवारी जाणार की राहणार, एवढाच प्रश्न होता.

रविवारी त्या धाकट्या भावाकडे जेवायला गेल्या. भावाचा तराजूंचा कारखाना खाली आणि घर वर. दवाखान्यांत, औषधांच्या दुकानांत वापरतात तसे नाजूक तराजू तो बनवायचा आणि बरेचसे शेजारच्या देशांत जायचे. करार मोडल्यापासून सीमेवरच्या नाक्यावर त्याच्या पेट्या अडकून पडू लागल्या होत्या. तराजूंवर किलोताईंच्या कचेरीचा शिक्का असे, आणि पलीकडची माणसं म्हणत, हा शिक्का आता आम्ही कशाच्या भरवशावर मानायचा? या खेपेला चौदा पेट्या तीन महिने पडून होत्या. जिन्यातून वर येताना किलोताईंना खाली कारखान्यात दोनच कारागीर दिसले. पूर्वी नऊ असत.

"ताई, तू गुरुवारी सही करतेस ना?" भावाने पानावर बसल्या बसल्या विचारलं.

"बघू."

"बघू काय? मंत्री म्हणालेत, एकदा आपलं स्वतःचं पत्रक निघालं की त्यांना मानावंच लागेल. एवढा मोठा देश, नाही म्हणून जातील कुठे?"

"न मानून ते कुठेच जाणार नाहीत, आहेत तिथेच राहतील. तुझ्या पेट्याही आहेत तिथेच राहतील."

"तुझं नेहमीचंच. इतक्या वर्षांत तुझ्या त्या ठोकळ्याला झालंय काय? तिघी सारख्या आहेत असं तूच सांगितलंस."

वातावरण तापतंय हे बघून भावजयीने विषय बदलला. "ताई, यांचं ऐकू नका तुम्ही. गेल्या आठवड्यात यांच्या घड्याळांपायी माझी बस चुकली."

"आता ते कशाला?" भाऊ म्हणाला.

"का नको? सांगतेच." भावजय रंगात आली. "घरात घड्याळं तीन. एक स्वयंपाकघरात, एक इथे, एक खाली कारखान्यात. हे दर रविवारी फिरून तिन्ही घड्याळं एकमेकांशी जुळवतात. तराजूवाले ना, फरक खपत नाही. तर मी इथलं घड्याळ बघून निघाले आणि थांब्यावर गेले, तर बस गेलेली! घरी येऊन म्हटलं, तुमची घड्याळं मागे आहेत. तर हे काय म्हणाले असतील? म्हणाले, तिन्ही घड्याळं एकच वेळ दाखवतायत, म्हणजे बसच लवकर गेली!"

भावाने ताटात मान घातली. किलोताई हसता हसता थांबल्या. घास हातातच राहिला.

"मग कळलं कसं तुला?"

"शेजारच्या बाईंना विचारलं. वीस मिनिटं मागे होतो आम्ही."

"त्यांचंच घड्याळ बरोबर कशावरून?"

"अहो, त्यांच्या घड्याळाला यांनी कधी हात लावलेला नाही ना!" भावजय म्हणाली आणि वाढायला उठली.

किलोताई त्या दिवशी नीट जेवल्या नाहीत. हात धुताना, जिना उतरताना, घरी चालत येताना त्यांच्या डोक्यात एकच वाक्य घोळत होतं. यांनी कधी हात लावलेला नाही. त्यांच्या अख्ख्या खोलीत असं काय होतं, ज्याला त्यांनी कधी हात लावला नव्हता?

आता ते तिसरं कपाट. करार होता त्या काळात दर तीन वर्षांनी सीमेवरच्या रेल्वे स्टेशनात एक भेट होत असे. इकडून किलोताई मांडीवर पेटी घेऊन जात, तिकडून पलीकडचे काका मांडीवर पेटी घेऊन येत. हे काका म्हणजे शेजारच्या देशाच्या किलोचे राखणदार. तो देश एवढासा की भिंतीवरच्या नकाशात त्याचं नाव आत मावत नाही म्हणून बाजूच्या समुद्रात लिहिलेलं. स्टेशनच्या प्रतीक्षागृहात दोघं पेट्यांची अदलाबदल करत. या तिघींची एक बहीण, चौथी, त्यांच्याकडे राहायला जाई आणि त्यांचा एक किलो इकडे पाहुणा येई. तीन वर्षांनी पुन्हा बदल. आणि या रिवाजाचा नियम असा की दुसऱ्याचा किलो धुवायचा नाही. आला तसा हंडीखाली ठेवायचा, जपायचा, आणि गेला तसा परत द्यायचा.

शेवटची भेट पाच वर्षांपूर्वी झाली होती. त्या वेळी पाहुण्याला थोरलीसमोर बसवलं तेव्हा काटा केसभरही हलला नव्हता. मग पुढच्या भेटीची वेळ येण्याआधीच करार मोडला. पाहुण्याला परत पाठवा असा हुकूम आला. त्यासाठी ना-हरकत पत्र लागणार होतं, ते द्यायला जी कचेरी होती ती करार मोडल्यावर बंदच झाली होती. तेव्हा संचालकांनी त्याला "परत करायच्या वस्तू" या यादीत घातलं, कपाटाला कुलूप लावलं आणि सगळे त्याला विसरले. सरकारी दिरंगाईला लोक उगाच नावं ठेवतात. कधी कधी ती फार मोलाच्या गोष्टी जपून ठेवते.

सोमवारी सकाळी किलोताईंनी कुलूप उघडलं. पाहुणा हंडीखाली होता तसा होता. त्यांना उगाचच त्याची माफी मागावीशी वाटली. त्यांनी त्याला चिमट्याने उचलून तराजूच्या एका पारड्यात ठेवलं, दुसऱ्यात थोरलीला, आणि हवा शांत व्हायची वाट पाहत स्टुलावर बसल्या. दुपारपर्यंत बसल्या. मग दांडा फिरवला.

थोरली हलकी होती. मधलीला बसवलं, तीही तेवढीच हलकी. धाकटी, तीही. एका ग्रॅमचे दहा लाख भाग केले तर त्यातले बेचाळीस. माशीच्या पंखालाही लाजवील असं वजन. पण किलोताईंना वाईट वाटलं, आणि खोटं कशाला बोलायचं, त्याबरोबर आनंदही झाला. दोन महिन्यांत पहिल्यांदा त्यांना काहीतरी कळलं होतं.

पण किलोताईच त्या. लगेच त्यांना पुढची शंका आली. थोरली झिजली की पाहुण्यावर धूळ चढली? पाच वर्षं तोही या खोलीत बसून होता. थोडीफार धूळ हंडीच्या आतही शिरते. बेचाळीसमधले थोरलीचे किती आणि धुळीचे किती? हे या खोलीतलं कोणीच सांगू शकत नव्हतं. त्यांनी बराच वेळ विचार केला आणि मग दोन वर्षांत न फिरवलेला नंबर फिरवला.

"कोण?" पलीकडून खरखरीत आवाज आला.

"काका, मी बोलतेय. किलोवाली."

"अगं पोरी! मला वाटलं तुमच्याकडे फोनवरही बंदी आली."

"आली असेल, मी विचारलं नाही. काका, आमची चौथी तुमच्याकडे आहे ना अजून?"

"आहे की. परत पाठवा म्हणून तुमच्याकडून पत्र येईल म्हणून वाट बघत होतो. आलं नाही. मग म्हटलं, राहू दे. खातपीत तर काही नाही."

"धुतली नाहीत ना?"

"हे तू मला विचारतेस?" काका म्हणाले.

किलोताईंनी जीभ चावली आणि सगळं सांगितलं. मंत्र्यांचा हात, तीनदा चोळणं, तिघींची आंघोळ. काका ऐकता ऐकता मध्येच फिसकन हसले, मग हसल्याबद्दल माफी मागितली.

"तिघींना धुतलंस?"

"तिघींना."

"मीही तेच केलं असतं," काका म्हणाले. "मलाही तसंच शिकवलंय. मग आता काय करू सांग."

"चौथीला तुमच्या किलोसमोर बसवा. पाच वर्षांत तिच्यावर किती धूळ चढलीय ते मला हवंय. माझ्या पाहुण्याची हंडी आणि तुमच्या पाहुणीची हंडी एकाच कारखान्यातली आहे. तिच्यावर जेवढी चढली असेल तेवढीच याच्यावर."

"हुशार आहेस. उद्या संध्याकाळपर्यंत सांगतो. आणि पोरी, एक विचारू? हे तुझ्या साहेबांना माहीत आहे का?"

"नाही."

"माझ्याही नाही," काका म्हणाले आणि फोन ठेवला.

मंगळवारी संध्याकाळी फोन आला. चौथी दोनने जड झाली होती. फक्त दोन. म्हणजे बेचाळीसमधले दोन धुळीचे आणि चाळीस किलोताईंच्या हातचे. देशाचा किलो चाळीसने कमी होता. किलोताईंनी तो आकडा कागदावर लिहिला आणि त्याच्याकडे बघत बसल्या. एवढंसं उत्तर, पण त्याला दोन देशांतली दोन कपाटं उघडावी लागली होती.

बुधवारी त्या संचालकांकडे गेल्या. संचालकांनी सगळं ऐकून घेतलं, घाम पुसला, दार लावलं आणि खुर्ची पुढे ओढली.

"बाई, एक सांगा. किलो म्हणजे काय हे कोण ठरवतं? देश ठरवतो. आपण म्हणू तो किलो. मग आपण म्हणायचं की आहे हाच खरा."

"म्हणता येईल, साहेब."

"येईल ना?" संचालक खुलले.

"येईल. मग बाकीचं सगळं जग चाळीसने जड झालं असं म्हणावं लागेल."

"मग म्हणा की! आपल्याला काय त्याचं?"

"आपण म्हणू. पण जगाला कळवायला कोण जाईल?"

संचालकांनी खिडकीबाहेर पाहिलं, जणू जग तिथेच उभं होतं. "पण चाळीस म्हणजे काहीच नाही हो. कोणाला कळणार आहे?"

"आज कोणाला नाही. पण उद्या मंत्री पुन्हा हात लावतील, मी पुन्हा धुवेन, तिघी पुन्हा एकमताने सांगतील की सगळं ठीक आहे. चाळीसचे चारशे होतील आणि तेव्हाही आपण असंच म्हणत असू."

"मग करायचं काय तुम्हाला?"

किलोताईंनी हाताने लिहिलेला कागद टेबलावर ठेवला. त्यावर थोरलीचं खरं वजन होतं, बाकी दोघी तिच्याइतक्याच भरल्याची नोंद होती, चाळीसची तूट होती, आणि साक्षीदार म्हणून दोन नावं होती. पहिलं पाहुण्याचं, म्हणजे शेजारच्या देशाच्या किलोचा क्रमांक. दुसरं काकांचं.

"हा कागद मी बघितलेला नाही," संचालक म्हणाले आणि त्यांनी खरंच डोळे मिटून घेतले.

गुरुवारी मंत्री आले. आठ माणसं, तेच कॅमेरे. बोळकांडीत झगे चढवताना हसणं-खिदळणं झालं. खोलीत टेबलावर छापील पत्रक, शेजारी उघडं पेन. किलोताईंनी पहिलं कपाट उघडलं, दोन्ही हंड्या काढल्या. मंत्री पुढे झाले, हसत म्हणाले, "चला, पुन्हा एकदा," आणि त्यांनी हात पुढे केला.

"हात नको, साहेब," किलोताई म्हणाल्या.

खोलीत कोणी श्वास घेईना. तराजूला फार बरं वाटलं असेल. मंत्र्यांचा हात हवेतच थांबला.

"का? आपलाच आहे ना?"

"आपलाच आहे. मागच्या वेळी तुम्ही लावलात म्हणून मला तो धुवावा लागला, आणि धुताना माझ्या हातून तो झिजला. चाळीसने. चूक तुमची थोडी आणि माझी फार. त्या पत्रकावर मला सही करता येणार नाही. मी दुसरा कागद लिहिलाय."

संचालक भिंतीकडे सरकले. एक माणूस काही बोलायला लागला, पण मंत्र्यांनी त्याला हाताने थांबवलं. ते राजकारणात तीस वर्षं होते आणि या तीस वर्षांत त्यांच्याशी असं सरळ कोणी बोललं नव्हतं. त्यांना राग यायच्या आधी नवलच वाटलं. त्यांनी तो कागद उचलून वाचला, मग पुन्हा वाचला.

"हा पाहुणा कोण?"

किलोताईंनी तिसरं कपाट उघडून दाखवलं. मंत्र्यांनी वाकून, हात पाठीमागे बांधून, हंडीतल्या ठोकळ्याकडे पाहिलं. एखादा मोठा माणूस असा वाकून बघायला लागला की तो लहान मुलासारखा दिसतो. किलोताईंची भीती थोडी कमी झाली.

"आपल्या तिन्ही सारख्याच आहेत म्हणता. मग त्या चुकल्या हे यानं कसं सांगितलं?"

"याला आम्ही धुतलं नव्हतं. दुसऱ्याचा किलो धुवायचा नसतो."

"आणि आपलाही एक त्यांच्याकडे आहे?"

"आहे. त्यांनीही धुतलेला नाही."

मंत्र्यांनी मनाशी काहीतरी जुळवलं. "म्हणजे आपला खरा किलो आज इथे नाहीच. तो त्या एवढ्याशा देशाच्या कपाटात आहे."

"हो, साहेब."

"करार मोडला तरी त्यांनी ठेवला?"

"आपण मागितला नाही, म्हणून त्यांनी जपला."

मंत्र्यांनी स्वतःच्या तळहाताकडे पाहिलं, उलटसुलट करून.

"त्या दिवशी मला थांबवलं का नाहीत तुम्ही?"

या प्रश्नाचं उत्तर किलोताई दोन महिने स्वतःला देत होत्या, त्यामुळे ते तयार होतं. "घाबरले, साहेब. तुमच्याबरोबर आठ माणसं होती. आठही जण तुमचेच होते, आणि आठही जण हसत होते."

मंत्र्यांनी मान वळवून त्या आठ जणांकडे पाहिलं. एकेकाकडे, सावकाश, जणू पहिल्यांदाच. कोणीही हसत नव्हतं, आणि काय करावं हे कोणाला सुचतही नव्हतं, कारण मंत्री स्वतः अजून काहीच बोलले नव्हते.

शेवटी ते बोलले, पण त्यांच्याशी नाही. "बाई, तुमच्या कागदावर सही करा. मग बघू."

किलोताईंनी पेन उचललं आणि सही केली. मंत्र्यांनी तो कागद घडी घालून स्वतःच्या खिशात ठेवला, छापील पत्रक टेबलावर तसंच राहू दिलं आणि दारापाशी थांबून विचारलं, "त्या पलीकडच्या काकांना फोन कसा लावायचा? नंबर आहे तुमच्याकडे?"